चोवीस वर्षांचं पित्त

।। श्री ।।
मल्लेश्वरम, बेंगळुरू
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

चि. सूर्यकांत यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले. समोर असतास तर पाठीत धपाटा घातला असता, सत्तरीचा झालास तरी. फोन केला की तू रेंज नसल्याचं सांगून ठेवून देतोस. मल्लेश्वरम आणि जे. पी. नगरच्या मध्ये रेंज नेमकी कुठे पडते, ते एकदा मला समजावून सांग. तेव्हा आता नानांचा नियम. बेळगावच्या पोस्टात जन्म काढलेल्या आपल्या वडिलांनी घरात कायदाच केला होता, की भांडण तोंडाने नाही, कागदावर करायचं. लिहून एक दिवस उशीखाली ठेवायचं, आणि पेटीपर्यंत चालत जाईस्तोवर राग टिकला तरच टाकायचं. हे पत्र मी काल लिहिलं. आज सकाळी वाचलं तर राग कमी होणं दूरच, मी आणखी चार ओळी घातल्या.

मंगळवारी सकाळी सव्वादहाला तुझ्या लेकाचा, क्षितिजचा, मला फोन आला. यशवंतपूरच्या मेट्रो स्टेशनवर बाकावर बसलोय म्हणाला, आणि उठता येत नाही. मला वाटलं पाय मुरगळला. पाय ठीक आहे म्हणाला. ऑफिसची इमारत समोर दिसतेय, दोन तास झाले, गाड्या येतायत जातायत, छातीत धडधडतंय, हात गार पडलेत, आणि उठता येत नाही. आत्या, तू ये म्हणाला. एकोणचाळीस वर्षांचा माणूस, हाताखाली बावीस माणसं, तो आत्याला ये म्हणतो.

स्टँडवरच्या मल्लाप्पाची ऑटो केली. माझे गुडघे बघून तोही माझ्याबरोबर वर आला. गार्डबाईला त्याने असं काही सुनावलं की तिने दोघांना मुकाट आत सोडलं. क्षितिजने लॅपटॉपची बॅग दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. मल्लाप्पाने ती हळूच सोडवून आपल्या खांद्याला लावली, पाण्याची बाटली पुढे केली, स्वल्प नीरु कुडीरी, थोडं पाणी प्या, म्हणाला, आणि शेजारी नुसता बसून राहिला. काय झालं, का झालं, एक अक्षर विचारलं नाही. पंधरा मिनिटांनी तिघं उठलो. त्या ऑटोवाल्याला जे कळलं ते जन्मदात्याला कळू नये, या विचाराने माझ्या डोक्यात जी तिडीक गेली आहे ती अजून उतरलेली नाही.

आधी आमच्या डॉक्टर हयवदनांकडे नेलं. त्यांनी छातीची पट्टी काढली, हृदय ठणठणीत आहे. औषधं कुठली घेतोस असं त्यांनी विचारल्यावर याने मान खाली घातली. मग घरी आल्यावर सगळं बाहेर आलं. ऑगस्टपासून तो मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जात होता. वेदिकेनेच त्याला हट्टाने नेलं, शहाणी सून आहे तुझी. गोळ्या सुरू झाल्या होत्या, झोप लागायला लागली होती. आणि दसऱ्याला ते तुझ्या कानावर गेलं. तू त्याला समोर बसवून सांगितलंस म्हणे, की आमच्या वेळी असले चोचले नव्हते, मी दोन-दोन विभाग सांभाळले पण कधी गोळी लागली नाही, बायकोच्या नादाने वेड्यांच्या डॉक्टरकडे जाण्यापेक्षा पहाटे उठून फिरायला जा. त्या पोराने दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या. डॉक्टरला न विचारता, एकदम!

कधी गोळी लागली नाही? कुणाला रे? हे बोलताना तुझी जीभ अडखळली कशी नाही? २००१ च्या जूनमध्ये सकाळी साडेसातला तू बूट घालून व्हरांड्यात बसलास आणि बारा वाजले तरी तुला उठता आलं नाही. तुझ्या बायकोने, प्रतिमाने, शाळेत फोन केला, मी नववीचा गणिताचा तास टाकून धावत आले. चार महिने तू घरी होतास. दर गुरुवारी अर्धी रजा टाकून मी तुला होसूर रोडच्या मानसोपचाराच्या इस्पितळात नेत होते. आणि क्षितिजला, शेजाऱ्यांना, ऑफिसला आपण काय सांगितलं? पित्त. अविपत्तिकर चूर्णाची बाटली धुऊन प्रतिमाने त्यात तुझ्या गोळ्या भरल्या. ती बाटली आजही जेवणाच्या टेबलावर आहे आणि तू आजही रोज जेवणानंतर तिच्यातली एक गोळी घेतोस. म्हणजे दसऱ्याला पोराला ते भाषण ठोकून तू स्वतःची गोळी घेतलीस!

वेदिकेने बावीस तारखेची, शनिवारची, डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तो जाणार नाही म्हणतो. बाबांनी काही न घेता निभावलं, मीच लेचापेचा, एवढंच धरून बसलाय. तेव्हा बावीसच्या आत तू त्याला खरं सांग. तोवर तो माझ्याकडे राहील.

राग सगळा या कागदावर उतरवला आहे. माया नेहमीच्या जागी आहे, ती तिथेच राहू दे.

तुझी
अक्का


जे. पी. नगर
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझे ६ तारखेचे पत्र मिळाले. त्यातील भाषेबद्दल प्रथमच तीव्र नापसंती नोंदवतो. मी सत्तर वर्षांचा गृहस्थ आहे, तुझ्या नववीच्या वर्गातला मुलगा नव्हे.

मुद्दा पहिला. नानांच्या फोटोपुढे आपण तिघांनी ठरवले होते की हा विषय पुन्हा निघणार नाही. तू तो लेखी काढलास. टपालाची पाकिटे कोणीही फोडू शकते याचे तरी भान ठेवायचे होतेस.

मुद्दा दुसरा. आम्ही हौस म्हणून लपवले नाही. ज्या प्रयोगशाळेत मी काम करत होतो तिथे माणसाची फाईल माणसाच्या आधी खोलीत शिरते. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या रघुपतीचे काय झाले ते तू पाहिले नाहीस, मी पाहिले. एका डॉक्टरची एक चिठ्ठी त्याच्या फाईलला लागली आणि तो स्टोअरला गेला. उत्तम डिझायनर होता. निवृत्त होईपर्यंत बोल्ट मोजत बसला. तेव्हा माझा मुलगा दहावीत होता, घराचा पाया नुकताच खणला होता. मी पित्त म्हटले नसते तर आज ज्या घरात बसून हे लिहितो ते घर नसते.

मुद्दा तिसरा. मुलाच्या नजरेत बाप उभा असावा लागतो. बसलेला बाप बघून मुलगा कधी उभा राहात नाही. तुला मूल नाही, त्यामुळे हे तुला कळणार नाही. हे वाक्य खोडावे असे काल वाटले होते. एक दिवस उशीखाली ठेवले आणि तसेच राहू दिले.

दसऱ्याला मी जे बोललो ते त्याने कणखर व्हावे म्हणून बोललो. गोळ्या टाकून दे असे मी म्हटलेले नाही. माझे शब्द तपासून पाहा.

मुद्दा चौथा असा काही नाही. परंतु एक विचारतो. मी सांगितले, आणि मग त्याने मला विचारले की बाबा, हे माझ्याकडे तुमच्याकडूनच आले का, तर मी काय उत्तर द्यायचे? त्याच्या छातीत जे धडधडते ते मी चांगले ओळखतो. ते मी त्याला दिले असेल, तर ते मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू? याचे उत्तर तुझ्या रागाच्या पत्रात नव्हते.

त्याच्या खाण्यापिण्याची काळजी घेतेस हे मी जाणतो. रागापुरता दूर असलेला,

तुझा
सूर्यकांत


मल्लेश्वरम
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

चि. सूर्यकांत,
आशीर्वाद.

ते वाक्य खोडायला हवं होतंस. उशीखाली ठेवून, दुसऱ्या दिवशी वाचून, तरीही पाठवलंस. नानांचा नियम तू जखम करायला वापरलास. मला मूल नाही. सरी, असू दे. पण तुझं मूल आज नऊ दिवस माझ्या हॉलमध्ये झोपतंय, आणि अर्धी पोळी खाऊन पोट भरलं म्हणतंय. हिशेब तूच मांड.

रघुपतीचं लिहिलंस ते बरं केलंस. त्याला स्टोअरला टाकला तेव्हा तू काय केलंस, तेही लिहायचं होतं. त्याच्या टेबलावर डबा खायला बसणं तू बंद केलंस. हे तूच मला एका गुरुवारी बसमध्ये सांगितलंस, खिडकीकडे तोंड करून रडत. तू म्हणाला होतास, अक्का, माझं पित्त बरं झालं की मी आधी त्याच्याकडे जाऊन बसेन. गेलास का रे? तुमच्यासारख्या पन्नास शहाण्यांनी पन्नास बाटल्यांवर पन्नास लेबलं लावली, म्हणून तो एकटा वेडा ठरला. आणि चोवीस वर्षांनी तेच लेबल तू आता पोराच्या हातात देतोयस.

त्याच्या ऑफिसची तऱ्हा ऐक. चार माणसांना काढायची यादी याला करायला लावली, त्यातल्या एकाच्या घरी दोन महिन्यांचं बाळ. रात्री परदेशातल्यांशी मीटिंग, सकाळी इथल्यांशी. आणि तणाव कसा टाळावा यावर भाषण ठेवलं, तेही जेवणाच्या सुट्टीत, हजेरी सक्तीची! त्या बाईंनी डबा बाजूला ठेवून दीर्घ श्वास घ्यायला सांगितला म्हणे. मी असते तर त्यांना आधी डबा खाऊ द्या म्हणाले असते. या लोकांवर ओरडायला मी जाऊ शकत नाही, म्हणून तुझ्यावर ओरडते आहे. पण ते परके, रे. तू नाहीस.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. तुझ्याकडून त्याला नाक आलंय, गणित आलंय, आणि तोंड शिवून बसायची खोड आलीय. धडधड आली असेल तर असेल. ते डॉक्टर ठरवतील, तुझ्या हातात ते नव्हतं. पण तीच धडधड घेऊन तू संसार केलास, घर बांधलंस, सन्मानाने निवृत्त झालास, हे त्याच्यापासून लपवणं तुझ्या हातात होतं. या जगात जे ऐकून त्याला सगळ्यात जास्त धीर येईल ते नेमकं तू दडवून ठेवलंयस. गाढवा!

बुधवारपर्यंत वाट पाहीन. गुरुवारी, वीस तारखेला सकाळी, चहाच्या वेळी मीच त्याला सगळं सांगेन, आणि नानांच्या फोटोची काय ती क्षमा मागेन.

दूर राहिलास तरी चालेल, खोटा राहू नकोस, एवढंच मागणं.

तुझी
अक्का


जे. पी. नगर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमची दोन्ही पत्रं वाचली. यांनी ड्रॉवरमध्ये ठेवली होती, मी काढून वाचली. चोरी म्हणायची तर म्हणा. तुम्हा भावंडांच्या भांडणात माझं नाव फक्त बाटली भरण्यापुरतं आलंय, म्हणून म्हटलं आपणही नानांच्या नियमाने एक कागद खराब करावा. मीही रागावलेय वन्सं, दोघांवर. तुम्ही गुरुवारी नेऊन आणायचात आणि सात वाजता मल्लेश्वरमला निघून जायचात. बाकीचे सहा दिवस माझ्याकडे होते.

पित्त म्हटलं की पथ्य आलं. शेजारच्या बाईंनी एक दिवस विचारलं, पित्ताच्या माणसाला तुरीची डाळ कशी चालते? त्या दिवसापासून यांनी तुरीची डाळ सोडली. ज्या माणसाला आमसूल-गूळ घातलेल्या आमटीशिवाय घास उतरत नव्हता, त्याने खोटं खरं वाटावं म्हणून चोवीस वर्षं मुगाचं वरण खाल्लं. आणि राहतो कुठे, तर बेंगळुरूत! इथे लग्नाला जा, मुंजीला जा, सांबार तुरीचं, बिशिबेळे भात तुरीचा. दर पंक्तीत वाढणाऱ्याच्या कानाशी लागून मी सांगायचं, की आमच्या यजमानांना पित्त आहे. हे शेजारच्या पानावरचा बिशिबेळे भात बघत दहीभात कालवायचे. मला हसू यायचं आणि मग रडू यायचं. रोज दोन डाळी शिजवल्या, वन्सं. दोन कुकर लावले. क्षितिजला वाटायचं आई किती करते बाबांचं. मी करत होते ते खोट्याचं पथ्य.

माझं मन कसं आहे ते मात्र कुणी विचारलं नाही. बावन्नाव्या वर्षी रक्तदाब लागला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घरी काही ताण आहे का. मी म्हटलं, छे, यांना जरा पित्त असतं. बघा, मीही तेच बोलले. तोंडात दुसरा शब्दच राहिला नव्हता.

शुक्रवारी तुमचं दुसरं पत्र वाचल्यावर मी एक केलं. मुगाची डाळ शेजारी देऊन टाकली. यांना सांगितलं, या घरात आजपासून एकच डाळ शिजेल, तुरीची. ज्याला पित्त आहे त्याने आपलं आपण शिजवावं. आज तिसरा दिवस, हे ताकभात खातायत. मीही हटायची नाही. गोळी मात्र मी स्वतः हातावर ठेवते, त्यात हयगय नाही.

आज सकाळी हे मल्लेश्वरमला जातो म्हणून घरातून बाहेर पडले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. दोन तासांनी परत आले. दुपारपासून लिहायला बसलेत. चार कागद फाडलेत. पाचवा अजून शाबूत आहे.

क्षितिजला ताकातली भेंडी आवडते, जमली तर करा. माझ्या लेकराला संभाळताय, याचं ओझं मानत नाही, हक्कच मानते. तुमचाही माझ्यावर तोच असू द्या.

आपली
प्रतिमा


जे. पी. नगर
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

चि. क्षितिज यास,
अनेक आशीर्वाद.

तुला मी आजवर कधी पत्र लिहिले नाही. काल सांगायला म्हणून मल्लेश्वरमला निघालो होतो. संपिगे रोड स्टेशनवर उतरलो, बाहेर जाण्याच्या फाटकापर्यंत आलो, आणि परतीची गाडी पकडून घरी आलो. तोंडाने जमत नाही. तुझ्या आजोबांची एक पद्धत होती, ती आत्या तुला सांगेल. हे पत्र मी स्पीड पोस्टाने पाठवतो आहे.

मला पित्त नाही. कधीच नव्हते.

२००१ साली मी आजारी पडलो तो मनाचा आजार होता. एक चाचणी माझ्या जबाबदारीवर झाली आणि फसली. त्याआधीपासूनच मला झोप येत नव्हती, ऑफिसच्या बाथरूममध्ये कडी लावून मी तास-तास बसत असे. मग एके दिवशी बूट घालून व्हरांड्यात बसलो आणि उठता आले नाही. तू यशवंतपूरला बसलास तसाच. चार महिने उपचार घेतले. डॉक्टरांनी हळूहळू गोळ्या कमी केल्या, दोन वर्षांनी बंद झाल्या. पुढच्या एका मोठ्या कामात पुन्हा लागल्या, बंद झाल्या, निवृत्तीच्या वर्षी परत लागल्या. तेव्हापासून रोज एक चालू आहे. टेबलावरच्या चूर्णाच्या बाटलीत चूर्ण नाही.

दसऱ्याला मी तुला म्हणालो की मला कधी गोळी लागली नाही. तेव्हा साडेआठ वाजले होते. नऊ वाजता मी माझी गोळी घेतली. तू समोर बसून जेवत होतास. अक्काला मी लिहिले की गोळ्या टाक असे मी म्हणालो नव्हतो. शब्द तपासले तर ते खरे ठरेल. पण तू जे ऐकलेस तेच मी म्हणालो होतो.

मी घाबरलो होतो रे. वेदिका तुला डॉक्टरकडे नेते हे कळले तेव्हा मला वाटले, हे माझेच बाहेर येते आहे. तुझ्यावर ओरडलो म्हणजे ते आत राहील, असा काहीतरी हिशेब मी केला असावा. नोकरीत एवढी गणिते केली, पण इतके चुकलेले एकही नव्हते.

वेदिका सांगत होती की डॉक्टरांच्या फॉर्मवर घरात कुणाला असा त्रास आहे का, या रकान्यात तू 'नाही' लिहिले आहेस. तुझी त्यात चूक नाही, माहिती मी चुकीची पुरवली. ती दुरुस्त करायला शनिवारी मी स्वतः येणार आहे, माझी जुनी फाईल घेऊन. तू आला नाहीस तरी मी जाऊन दुरुस्त करून येईन. पण तू ये.

तुझ्या रागाला मी पात्र आहे. तो पोहोचव, कागदावर किंवा तोंडावर. मी घरीच आहे.

तुझा
बाबा


जे. पी. नगर
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,
सा. न. (पुढचं वि. वि. म्हणजे काय ते तू चौथीच्या सुट्टीत शिकवलं होतंस, आठवत नाही, पण ते पण घे.)

मराठीत एवढं लांब पत्र आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय, चुका लाल पेनने गोल करून परत पाठव. फोनवर कालचं सगळं सांगता आलं असतं, पण या घरात आता जे ते कागद घेऊन बसतंय, तर मी का मागे राहू.

बुधवारी बाबांचं पत्र वाचून मी तुझ्या किचनमध्ये आलो, तेव्हा तू मला कसं वाटतंय ते विचारलं होतंस आणि मी ठीक म्हणालो. ठीक नव्हतो. भयंकर राग आला होता. एकीकडे असं हलकं वाटलं, की छातीवरून कुणीतरी बॅग काढून घेतली, मल्लाप्पाने घेतली तशी. आणि दुसरीकडे ग्लास फेकावासा वाटला. कारण ती बुटांची सकाळ मला आठवते, आत्या. मी शाळेत निघालो होतो, दप्तर पाठीवर, आणि बाबा व्हरांड्यात बूट घालून बसले होते. मी जातो म्हणालो, त्यांनी बघितलं पण नाही. आदल्या दिवशी मला गणिताच्या युनिट टेस्टमध्ये बावन्न मिळाले होते. पुढचे चार महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं बावन्नमुळे. आई म्हणायची त्यांना पित्त झालंय, आणि मला वाटायचं, माझ्यामुळे झालंय. त्यानंतर मी कधी नव्वदच्या खाली आलो नाही. चोवीस वर्षं, आत्या! कॉलेज, नोकरी, प्रमोशन, ती चार माणसांची यादी, प्रत्येक वेळी मी त्या बावन्नची भरपाई करत होतो. आणि खरं काय, तर त्यांना माझी टेस्ट झाली हेही माहीत नव्हतं!

काल क्लिनिकला जाताना मेट्रोत मी हे त्यांना सांगितलं. बऱ्यापैकी आवाज चढवून. वेदिका माझा हात दाबत होती, समोरचे लोक बघत होते. बाबांनी मला थांबवलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, बावन्न पन्नासपैकी असणार नाहीत, म्हणजे शंभरपैकी, ना? मी हो म्हणालो. मग ते म्हणाले की आमच्या वेळी बावन्नला पेढे वाटले असते. मला हसायचं नव्हतं, मी खूप रागात होतो, पण हसू आलं. राग गेला नाहीये, हे मात्र लिहून ठेव. मी त्यांना वेगळं पत्र लिहिलंय, चार पानी. सध्या उशीखाली आहे. उद्या चालत जाऊन टाकणार, ते खालच्या मजल्यावर राहात असले तरी पेटीतच टाकणार.

क्लिनिकमध्ये तर कमाल झाली. बाबा माझ्या आधी काउंटरवर गेले, ती जाडी फाईल आपटली, आणि ऑफिसात सेमिनार द्यायचे त्या आवाजात रिसेप्शनच्या मुलीला सांगितलं, की माझ्या मुलाच्या फॉर्ममध्ये एक माहिती चुकली आहे, वडिलांना हा आजार चोवीस वर्षांपासून आहे, दुरुस्त करा आणि सहीसाठी मला दाखवा. पूर्ण हॉल ऐकत होता. ती बिचारी म्हणाली, अंकल, सही लागत नाही. तरी यांनी केली, तारखेसकट. कोपऱ्यात एक सूट घातलेला माणूस तोंडापुढे वर्तमानपत्र धरून बसला होता, त्याने ते खाली घेतलं.

डॉक्टर मला रागावल्या. गोळ्या अशा एकदम बंद करायच्या नसतात, त्यानेच यशवंतपूरला जास्त बिघडलं असावं, म्हणाल्या. परत सुरू केल्यात, कमी डोसने. दर आठवड्याला त्यांच्याकडच्या समुपदेशकांशी बोलायचंय. दोन आठवड्यांची रजा सांगितलीय, आणि रजेच्या अर्जात कारण काय लिहू विचारलं तर बाबाच मध्ये बोलले, खरं ते लिही. मग म्हणाले, नाहीतर तुला वाटेल ते लिही, नोकरी तुझी आहे, पण पित्त लिहू नकोस. आणि आईला पण घेऊन या एकदा, असं डॉक्टर म्हणाल्या. आई हो म्हणालीय. स्वतःचा पण फॉर्म भरणार म्हणते.

बाहेर आल्यावर बाबा घराकडे न वळता कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, त्या उभ्याने खायच्या हॉटेलात, शिरले. मला वाटलं कॉफी. त्यांनी बिशिबेळे भात घेतला. उभ्या टेबलाशी, वरून तूप, खारा बूंदी, सगळी प्लेट संपवली. मग दुसरी घेतली. वेदिका म्हणाली, बाबा, एकदम एवढं नको. त्यांनी ऐकलं नाही. खाऊन झाल्यावर तोंड पुसून म्हणाले, रघुपती यशवंतपूरच्या बाजूलाच राहतो म्हणे अजून, पुढच्या शनिवारी माझ्याबरोबर येशील का त्याच्याकडे? मी येतो म्हणालो. त्या स्टेशनवर मला एकट्याने उतरायचं नव्हतंच.

आणि आता मुख्य बातमी. आज सकाळपासून बाबांना पित्त झालंय. खरंखुरं. घशाशी जळजळ, आंबट ढेकर, डोकं धरून बसलेत. आयुष्यात पहिल्यांदा! आई पदर तोंडाला लावून हसतेय, थांबतच नाहीये. अविपत्तिकर चूर्ण द्यावं म्हणून तिने सगळं घर शोधलं. बाटली आहे टेबलावर, लेबलसकट, पण चूर्ण चमचाभर सुद्धा नाही. तेच आणायला आता दुकानात निघालोय, हे पत्र जाता जाता टाकतो.

रागाने असो, लोभाने असो, लिहीत राहा.

तुझा
क्षितिज